बिस्किटाचा पुडा आणि आतड्यातली गाठ

पत्र : साहेब, आमचं परंडा तालुक्यात खेडेगाव आहे. मालकांचं वय ५१. वर्षभर संडासवाटे रक्त जायचं, मूळव्याध समजून झाडपाल्याची औषधं केली. शेवटी बार्शीला दुर्बीण घातली तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. माझं घरातच किराणा दुकान आहे. पंधरा-वीस वर्षं मालकांचा सकाळचा चहा दुकानातल्या बिस्किटांशिवाय झाला नाही. उन्हाळ्यात फ्रीजरमधला आइस्क्रीमचा कपही रोजचाच. धाकट्या दिरांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने व्हिडिओ पाठवला की या सगळ्यात ४७१, ४६६ नंबरची पावडर असते आणि तीच गाठ वाढवते. डॉक्टरांनीही आइस्क्रीम देऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणजे खरंच असणार. मी बिस्किट, ब्रेड, दूध, साखर सगळं बंद केलं. आंबील आणि भाज्यांचं पाणी एवढंच देते. वजन ६१ वरून ५३ वर आलंय. तंबाखू-चुन्याशिवाय त्यांना दुसरं व्यसन नाही. हे मी माझ्याच हाताने केलं का? आणि दुकानातून हे पुडे काढून टाकू का?
— एक भगिनी, परंडा तालुका

उत्तर :

ताई,

पुड्यावरच्या नंबरांकडे येतोच, पण तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा ५३ हा आहे. केमो चालू असताना ६१ किलोचा माणूस आठ किलोंनी उतरला, तर काय बंद करायचं ही चर्चा थांबवून काय पोटात जाईल ते बघायला हवं. केमोच्या बहुतेक औषधांचा डोस उंची-वजन मोजून ठरवतात. वजन घसरलं, पांढऱ्या पेशी उतरल्या, अंगात त्राण राहिलं नाही की डॉक्टरांना पुढचा डोस लांबवावा लागतो किंवा कमी करावा लागतो. गाठीला उपाशी मारायला निघालो आणि औषधच तोकडं पडलं, असं व्हायला नको. साखर तोडल्याने गाठ उपाशी राहतही नाही. शरीर भाकरीतून साखर करतं, भातातून करतं, काहीच मिळालं नाही तर स्वतःच्या मांसातून करतं. मालकांच्या दंडाचं मांस गेलेलं तुम्हाला दिसत असेल, ते असंच गेलंय.

आंबील चांगलीच, पण तिच्यावर माणूस उभा राहत नाही. टाके भरायला, रक्त भरून यायला प्रथिनं लागतात आणि भाज्यांच्या पाण्यात ती जवळपास नसतात. मऊ खिचडीवर तूप, घट्ट वरण, उकडलेलं अंडं चालत असेल तर रोज, उकळलेलं दूध सोसत असेल तर दूध, दुधात मळलेली मऊ दशमी. एका वेळी ताटभर जाणार नाही, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. तोंड आलं असेल तर येसराची आमटी आणि ठेचा काही दिवस लांबच ठेवा. आतड्याचा तुकडा काढलेला असल्याने पालेभाज्या, कोंड्याची भाकरी, अख्खी कडधान्यं कधीपासून द्यायची ते सर्जनला विचारा, प्रत्येक पोटाचं वेगळं असतं. आणि सकाळच्या चहाबरोबर त्यांना दोन बिस्किटं हवी असतील तर द्या. चार घास जास्त जात असतील तर आज ते महत्त्वाचं. सोबत एक सांगतो, केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात तेव्हा उघड्यावरची भेळ, कापून ठेवलेलं कलिंगड, गाड्यावरचा रस यांच्यापेक्षा सीलबंद पुडा कितीतरी बरा. वजन घटल्याचं पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ओपीडीच्या गर्दीत कुणी विचारेल याची वाट बघू नका.

आता आइस्क्रीम. डॉक्टरांनी ते बंद केलं याचा अर्थ तुम्ही पुतण्याच्या व्हिडिओशी जोडला, आणि नेमकी तिथेच गफलत झालीय असं मला वाटतं. केमोच्या कागदावर ऑक्सॅलिप्लॅटिन हे नाव आहे का ते बघा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला हे औषध सर्रास देतात. त्याचा नसांवर परिणाम होतो आणि थंडी सोसत नाही. डोस घेतल्यावर काही दिवस गार पाणी प्यायलं तर घसा आवळून येतो, श्वास अडकल्यासारखं वाटतं. फ्रीजमधली बाटली धरली, पहाटेच्या गारठ्यात लोखंडी नळाला हात लावला तरी बोटांना मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं. म्हणून आइस्क्रीम नको. त्यात पावडर असो वा नसो, तुम्ही घरी दूध आटवून केलेली कुल्फीही नको आणि माठातलं पाणीही थोडं कोमट करून द्या. डॉक्टरांना सरळ विचारा, "आइस्क्रीम थंड म्हणून बंद आहे की आणखी कशासाठी?" एका वाक्यात उत्तर मिळेल. तुमच्या मनावरचं निम्मं ओझं तेवढ्याने उतरावं.

पुतण्याचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. तो बिनबुडाचं बोललेला नाही, अर्धं ऐकून बोललाय.

४६६ म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, धंद्यातले लोक नुसतं सीएमसी म्हणतात. लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड कापसापासून ते करतात, म्हणजे मूळ माल आपल्या ओळखीचाच. आइस्क्रीममध्ये ते घालतात ते बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून. परभणीला अन्नतंत्र शिकवत असताना आम्ही मुलांना दोन डबे चाखायला द्यायचो, एक सीएमसी घातलेला आणि एक न घातलेला. आठवडाभर फ्रीजरची वीज जात-येत राहिली की दुसऱ्या डब्यातलं आइस्क्रीम दाताखाली करकरायचं. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये कंपनीला ही पावडर का लागते हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नसे. ४७१ हे बिस्किटात, ब्रेडमध्ये, आइस्क्रीममध्येही सापडतं. तेलातुपापासून केलेले मोनो आणि डायग्लिसराइड. तूप पचवताना आपलं पोटही असले घटक तयार करतंच. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं, ज्याच्या थप्प्या लातूरच्या मोंढ्यात लागतात. तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थांना इमल्सिफायर म्हणतात. सगळे एका माळेचे मणी नाहीत, हे आधी लक्षात घ्या, कारण व्हिडिओवाले सगळ्यांना एकाच दोरीत ओवतात.

गाठीचा संबंध कुठून आला? अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली उंदरांना पिण्याच्या पाण्यातून सीएमसी आणि पॉलिसॉर्बेट ८० (पुड्यावर ४३३) दिलं, पाण्यात साधारण शंभरात एक भाग. आपल्या आतड्याच्या आतून एक बुळबुळीत थर असतो, भेंडी चिरल्यावर बोटांना लागतो तसा. पोटातले जिवाणू त्या थराच्या पलीकडे राहतात, आतड्याच्या पेशींना थेट भिडत नाहीत. या उंदरांमध्ये जिवाणू त्या थरात घुसून पेशींच्या जवळ पोचले, जिवाणूंच्या जातींचं प्रमाण बदललं आणि आतड्याला बारीक सूज राहू लागली. डोळ्याला न दिसणारी, पण हटत नाही अशी. पुढच्याच वर्षी त्याच गटाने उंदरांना रसायन देऊन आतड्यात गाठी करवल्या. हे दोन पदार्थ पाजलेल्या उंदरांत गाठींची वाढ जास्त झाली. ज्या उंदरांच्या पोटात मुळातच जिवाणू नव्हते, त्यांच्या आतड्याच्या पेशींवर मात्र या पदार्थांचा परिणाम दिसला नाही. म्हणजे पावडर स्वतः गाठीला खाऊ घालत नाही. जिवाणू बिथरतात, सूज राहते, आणि सुजलेल्या आतड्यात गाठीला वाढायला सोपं जातं. व्हिडिओत हे मधलं सगळं गाळून पहिलं आणि शेवटचं तेवढं ठेवलेलं असतं.

माणसांवर काय दिसलं? १६ धडधाकट माणसांना ११ दिवस दवाखान्यात ठेवून त्यातल्या काहींना रोज १५ ग्रॅम सीएमसी दिलं, बाकीच्यांना तेच जेवण त्याशिवाय. सीएमसी खाल्लेल्यांच्या पोटातले जिवाणू बदलले, आतड्याला उपयोगी पडणारी काही आम्लं कमी झाली, आणि काही जणांत, सगळ्यांत नव्हे, जिवाणू त्या थरात शिरलेले सापडले. म्हणजे उंदरांत दिसलं ते माणसात अजिबात घडत नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. पण १५ ग्रॅम म्हणजे किती याचा अंदाज घ्या. तुमच्या फ्रीजरमधल्या १०० ग्रॅमच्या कपात ही पावडर फार तर पाव ग्रॅम निघेल. मालकांना रोज साठ कप खावे लागले असते.

याहून मोठी पाहणी फ्रान्समधली. तिथल्या सुमारे ९२ हजार प्रौढांनी काय काय खाल्लं याच्या नोंदी ठेवल्या आणि पुढे कुणाला कॅन्सर झाला ते बघितलं. २०२४ मध्ये ते छापून आलं. ४७१ जास्त खाणाऱ्यांत एकूण कॅन्सरचं प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त आढळलं. पुतण्याचा व्हिडिओ बहुधा इथूनच निघालाय. आता यातली मेख ऐका. त्याच पाहणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी कुठल्याही इमल्सिफायरचा संबंध आढळला नाही. वाढ दिसली ती मुख्यतः स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये. शिवाय पुड्यांवर जगणाऱ्या माणसाचं बाकीचं राहणीमानही वेगळंच असतं, संशोधक ते हिशोबात धरतात पण पुरतं धरता येत नाही. आणि १५ टक्के म्हणजे शंभरातल्या पंधरा जणांना कॅन्सर, असं नव्हे. मुळात जो काही धोका होता, त्याच्यावर पंधरा टक्के.

लेसिथिनबद्दल थोडं बरं ऐकायला मिळतं. प्रयोगशाळेत माणसाच्या पोटातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर वीसेक इमल्सिफायर टाकून बघितले, तेव्हा लेसिथिनने फारसं काही बिघडवलं नाही. सीएमसी, ४०७ नंबरचं कॅराजीनन आणि काही डिंक यांनी मात्र बिघडवलं.

हे सगळं वाचून माझं मत काय? संशय रास्त आहे. लहान लेकराला रोज दोन वेळा पुड्यातलंच खायला घालणाऱ्या आईला मी टोकेन. पण परंड्याच्या एका माणसाच्या आतड्यातली गाठ त्याच्या बायकोने चहाबरोबर दिलेल्या बिस्किटांतून आली, असं म्हणायला यातल्या एकाही अभ्यासाचा आधार नाही. आतड्यात आधी बारीक मोड येतो (डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात, मूळव्याधीचा मोड वेगळा), आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. वय, घराण्यातला दोष, विडी-सिगारेट, दारू, सुटलेलं पोट, ताटात चोथ्याची कमतरता अशा किती गोष्टी त्यात असतात. एका माणसापुरतं नेमकं कारण मोठ्यातला मोठा डॉक्टरही काढून देऊ शकत नाही. तुम्ही स्वतःला धरून फासावर चढवताय ते कुठल्या पुराव्यावर?

तुमच्या भागाला तर कॅन्सरच्या नोंदींचा इतिहास आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांमधून १९८७ पासून प्रत्येक कॅन्सरची नोंद घेतली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. त्या नोंदींत मोठ्या आतड्याचा कॅन्सर शहरांच्या मानाने कमीच राहिला. यावरून बिस्किटं निर्दोष ठरत नाहीत, पण गावात हा आजार कुणाच्या ध्यानीमनी नसतो आणि रक्त दिसलं की मूळव्याध म्हणून सोडून देतात, ते मात्र यातून समजतं. मालकांचं वर्ष तसंच गेलं. गेलेलं उगाळून उपयोग नाही. पण तुमच्या दुकानात रोज पन्नास माणसं येतात. चाळिशीपुढच्या कुणी रक्त पडतंय, शौचाची सवय बदललीय, कारण नसताना अंगातलं रक्त कमी झालंय असं बोललं, तर त्याला झाडपाला घेऊ न देता दुर्बिणीच्या तपासणीला पिटाळा. तुमच्याइतकं ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत.

जाता जाता तुमच्याबद्दलही विचारतो. तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली होती. एचपीव्ही, म्हणजे तो कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची तपासणी एकदाच केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये इथूनच जगाला कळलं. तुमची तपासणी झालीय का? मालकांना घेऊन हॉस्पिटलात जाताच आहात, त्याच चकरेत करून घ्या.

दुकानाचं विचाराल तर पुडे काढू नका. पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तुम्ही काढले तर गाव शेजारच्या दुकानातून घेईल. घरातल्या लेकरांपुरती मात्र सवय बदला. मधल्या वेळी शेंगदाणे-गूळ, फुटाणे, धपाटं, मोसमात हुरडा. पुडा घेतलाच तर मागची बारीक अक्षरं वाचायला शिकवा, यादीत ४३३ किंवा ४६६ असेल तर तो पदार्थ रोजचा नसावा. बेकरीतून येणारे सुटे टोस्ट आणि खारी लेबलच नसल्याने निरागस दिसतात. ब्रेडच्या पिठात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट, ज्याच्यावर कॅन्सरचा संशय होता, ते आपल्या देशात २०१६ मध्ये बंद झालं. तुमचा बेकरीवाला पिठात काय घालतो ते तुम्ही घाऊक घेणाऱ्या म्हणून विचारू शकता, गिऱ्हाईक विचारू शकत नाही. आणि पोत्याच्या तळाचे ओल लागून काळे पडलेले, बुरशी आलेले शेंगदाणे भाजून कूट करून विकू नका, घरातही वापरू नका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पुरतं जात नाही, आणि त्याने यकृताचा कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे, ४७१ सारखं संशयावर नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "तंबाखू-चुन्याशिवाय त्यांना दुसरं व्यसन नाही." बिस्किटांवर तुम्ही दहा ओळी लिहिल्यात आणि तंबाखू अर्ध्या ओळीत आटोपलीत! तंबाखू चघळण्याने मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही, तो पुरावा विडी-सिगारेटचा आहे. पण तोंडाचा आणि अन्ननलिकेचा होतो याबद्दल कुठल्याच संशोधकाच्या मनात शंका उरलेली नाही. केमोने तोंडाची आतली कातडी सोललेली असताना त्यावर चुना ठेवणं म्हणजे तर हालच. डॉक्टरांसमोर हे लपवू नका, सोडायला मदत मिळते. तुमच्या दुकानात बिस्किटांच्या बरणीवर तंबाखू-गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकतात का, ते तुम्ही लिहिलं नाही. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. दुकानातून काही काढायचंच असेल तर हात तिथे घाला.

शेवटी पुतण्या. काकांच्या काळजीनेच त्याने व्हिडिओ पाठवला, त्याच्यावर रागावू नका, त्याला काम द्या. स्वतःच्या वडिलांना, म्हणजे तुमच्या धाकट्या दिरांना, त्याने तपासणीला न्यावं. सख्ख्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला की बाकीच्या भावा-बहिणींचा धोका वाढतो. दिरांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुलगा नोकरीला लागलाय म्हणजे चाळिशी ओलांडलेली असणार. अशा भावंडांनी त्रास असो-नसो चाळिशीला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, करावी असं सांगतात, किंवा घरातल्या रुग्णाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. मालकांचं ५१ ला झालं, त्याच्या दहा वर्षं आधी म्हणजे ४१, तेव्हा चाळीसच धरायचे. तुमच्या स्वतःच्या मुलांनाही तोच नियम, फक्त त्यांची वेळ पुढे आहे. तपासणीत मोड सापडला तर त्याच दुर्बिणीतून तो तिथल्या तिथे काढून टाकता येतो, पुढचं सगळं टळतं.

दीर तपासणीला जाताना मालकांच्या बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स बरोबर द्या. आणि काढलेल्या गाठीवर एमएमआर नावाची तपासणी झालीय का, हे पुतण्याने मालकांच्या डॉक्टरांना फोनवर विचारून ठेवावं. घराण्यातून उतरणारा दोष असेल तर त्याची चाहूल तिथे लागते, आणि मग चाळिशीची वाट न बघता मुलांची तपासणी लवकर सुरू करावी लागते.